शेवटच्याने गेट लावायचं

१

"तिघं? तिघांनी निघायचं नाही गं!"

सुप्रभाकाकूंचा आवाज लंडनमधल्या ईलिंगहून इतका खणखणीत येत होता, की मंजिरीने बॉरोडेलच्या यूथ हॉस्टेलच्या पॅसेजमधल्या फोनचा रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता. बाजूला बूट चढवत बसलेल्या मला आणि श्रीकांतला सगळं ऐकू येत होतं.

"आई, उदयने क्रिकेटमध्ये पाय ट्विस्ट केला तर मी काय करू? तो नाही आला, सो आम्ही तीन आहे."

"मग एक दगड घ्या बरोबर. चौथा म्हणून. आमच्याकडे तिघं निघाली की कुणाच्या तरी खिशात दगड असतोच. आणि परत आलात की बाहेरच टाकून द्यायचा. आत नाही आणायचा, कळलं?"

"ओके, ओके."

"आणि मंजू, आपलं काय ठरलंय? जितके नेशील तितके धडधाकट परत आण. मग बघू तुझ्या त्या कोर्सचं."

नाणी संपत आल्याची पिंपिं सुरू झाली आणि फोन तुटला.

त्या कोर्सवर सगळं अडलं होतं. मंजिरीचा जन्म ईलिंगचा, मराठीही तिथलंच. दोन वर्षं फार्मसी शिकून ती कंटाळली होती आणि सप्टेंबरपासून तिला डोंगरात माणसं नेण्याचं शिक्षण घ्यायचं होतं. घरी हलकल्लोळ झाला. शेवटी काकूंनी अट घातली: आधी ओळखीच्या माणसांना डोंगरावर ने आणि सुखरूप परत आण. ती माणसं म्हणजे आम्ही. श्रीकांत मूळचा सांगलीचा, मँचेस्टरच्या हॉस्पिटलात नवा डॉक्टर. आणि मी उल्का, पुण्याहून मँचेस्टरला भूशास्त्र शिकायला आलेली.

दगडाचं ऐकून माझं डोकं फिरलं. कॉलेजात असताना भोरच्या आसपासच्या गावांत जाऊन भानामतीविरुद्ध भाषणं दिलेली मुलगी मी. "मी दगडांचा अभ्यास करते," मी म्हटलं, "त्यांना सोबतीला नेत नाही."

"ने की," श्रीकांत म्हणाला. "तुझ्याच खात्यातला माणूस आहे."

मंजिरी माझ्याकडे वळली. नुसती बघत राहिली. तिच्यासाठी आज काय पणाला लागलंय हे मला ठाऊक होतं. म्हटलं, न्यायचाच तर चांगला तरी नेऊ. हॉस्टेलच्या फाटकाबाहेर ओढा होता. त्यातून मी दोन मुठींएवढा एक दगड उचलला. हिरवट राखाडी, गुळगुळीत, उचलताना वाटलं त्यापेक्षा जड.

"याचं नाव?" मंजिरीने विचारलं.

"दगडू," श्रीकांत.

"रूड आहे ते."

"मग विनय. बोलत नाही, भांडत नाही, सगळ्यांचं ऐकून घेतो."

विनय माझ्या रकसॅकमध्ये गेला. निघताना वॉर्डनने जेवणाची पाकिटं हातात दिली. चार होती. बुकिंग चौघांचंच होतं, उदय आयत्या वेळी गळला होता, तेव्हा त्यात विचित्र काही नव्हतं. मला तेव्हाही वाटलं नाही आणि आता लिहितानाही वाटत नाही.

२

जूनमधली स्वच्छ सकाळ होती. इंग्लंडमध्ये अशी सकाळ मिळाली की लोक एकमेकांचं अभिनंदन केल्यासारखे हसतात. बॉरोडेलची दरी हिरवीगार. शेतांच्या कडेला दगड रचून केलेल्या भिंती, पलीकडे धुरकट रंगाच्या मेंढ्या, आणि सगळीकडून खाली येणारे ओढे.

"रूल्स ऐका," मंजिरी पुढून ओरडली. "प्रत्येक स्टॉपला मी मोजणार. आणि गेट उघडं नाही ठेवायची. मेंढी बाहेर जाते. शेवटच्याने गेट लावायचं."

शेवटची मीच असायची. दर दहा पावलांवर मला एखादा खडक थांबवायचा. आमचा सह्याद्री कसा शांतपणे, लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत झाला. हे डोंगर मात्र स्फोटांतून, राखेतून उठलेले. पुस्तकात वाचलेलं सगळं इथे हाताला लागत होतं. मला अक्षरशः नाचावंसं वाटत होतं, आणि एका सपाट खडकावर मी नाचलेही.

"एक, दोन, तीन," पहिल्या थांब्यावर मंजिरीने बोट दाखवत मोजलं, मग माझ्या रकसॅककडे, "विनय. ऑल हिअर."

शेवटच्या गोठ्यापाशी एक लाकडी फाटक होतं. समोरून एक म्हातारे गृहस्थ उतरत आले, हातात काठी, डोक्यावर लोकरीची टोपी. त्यांनी आमच्यासाठी फाटक उघडून धरलं. मंजिरी गेली, श्रीकांत गेला, मी गेले. मी थँक यू म्हणून चार पावलं पुढे आले आणि सहज मागे पाहिलं.

ते अजून फाटक धरून उभे होते. जरा थांबले. मग टोपीला हात लावून कुणालातरी मान डोलावली, आणि फाटक लावून खाली निघून गेले.

त्या बाजूला कुणी नव्हतं. एक मेंढी होती, बऱ्याच लांब.

इथले म्हातारे मेंढ्यांशीही सभ्यपणे वागत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. सांगायला लागलं, हे मात्र मला आवडलं नाही.

३

पहिला चढ संपून आम्ही टार्नपाशी पोचलो तेव्हा ऊन ऐन माथ्यावर होतं. टार्न म्हणजे डोंगरातलं छोटं तळं. याचं नाव स्प्रिंकलिंग टार्न. काळंभोर पाणी, मागे ग्रेट एंडचा सरळसोट कडा, आणि आम्हा तिघांशिवाय कुणी नाही.

मंजिरीने सरळ उडी मारली. तिच्या किंकाळीवरून पाणी किती गार आहे ते कळलं, तरी मीही मारली. श्रीकांत गुडघाभर पाण्यात उभा राहून हायपोथर्मियावर व्याख्यान देत होता. मंजिरीने त्याचा पाय ओढला आणि व्याख्यान पाण्यात गेलं. आम्ही इतके हसलो की कड्यावरून आमचंच हसू परत आलं.

मग खडकावर वाळत पडलो. चीज-लोणच्याची सँडविचेस, वर काकूंनी दिलेला चिवडा. श्रीकांतने चौथं पाकीट उघडलं.

"ए, ते विनयचा आहे!" मंजिरी.

"आज शनिवार. त्याचा उपास असणार."

"हे सगळे डोंगर ज्वालामुखी होते," मी म्हटलं. माझ्याने राहवत नव्हतं. "पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी."

"आणि आता?"

"मेलेत. कधीच."

"शुअर?" मंजिरीने केस पिळत विचारलं.

"थांब, दाखवते."

मी विनयला बाहेर काढलं आणि हातोडी घेतली. भूशास्त्रवाल्यांची ही सवयच. दगडाचा बाहेरचा पृष्ठभाग खोटं बोलतो, खरं काय ते आत असतं. आम्ही दगड हातात घेतला की फोडतोच. कुणाचा आहे, कशासाठी आणलाय, हे मनातही येत नाही.

एकाच घावात त्याचे सरळ दोन तुकडे झाले.

"तू विनयला मारलीस!"

"अगं, बघ तरी!"

आत वाटाण्याएवढ्या गोल गोळ्या दिसत होत्या, शेकड्यांनी. मी सांगितलं, आकाशात राख उडत होती, त्यात पाऊस आला, थेंबांभोवती राख गोळा झाली आणि या गोळ्या खाली पडल्या. तिने बोट फिरवलं. "म्हणजे हा पाऊस आहे? तेव्हाचा?"

"तेव्हाचा."

ती खूश झाली. मी तर होतेच. विज्ञान हे असं हातात द्यायचं असतं, भाषणात नाही, असं काहीतरी मी म्हणतही होते, तेवढ्यात सावली पडली. कड्यावरून ढग घरंगळत खाली येत होता. "कपडे घाला, क्विक," मंजिरीचा आवाज एकदम बदलला. आम्ही मिळेल ते रकसॅकमध्ये कोंबलं आणि वर निघालो.

४

ढगाने आम्हाला गाठलंच. पुढचा श्रीकांतही मला नुसता निळ्या डागासारखा दिसत होता. बारीक भुरभुर सुरू झाली. मी नेहमीप्रमाणे शेवटी.

तेव्हा मला मागची पावलं ऐकू आली.

खरं सांगायचं तर ती सकाळपासूनच होती. खडीवर बूट वाजतात, चौघं चालली की चौघांचे वाजतात, आपण लक्ष देत नाही. आत्ता लक्ष गेलं, कारण त्यात काहीतरी बिघडलं होतं. माझ्यामागे एक पाऊल वाजायचं. मग दुसरं वाजायचं नाही. मग एक घसट, आणि पुन्हा तेच पाऊल.

प्रतिध्वनी, मी म्हटलं. धुक्यात आवाज फसवतात, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. मी थांबले. एक पाऊल उशिरा तेही थांबलं.

वर खिंडीत फुलीच्या आकाराची एक दगडी भिंत आहे. छातीएवढ्या उंचीची, चार कोपरे असलेली, वाऱ्यापासून आडोसा म्हणून बांधलेली. आत बसायला दगडी फळ्या. श्रीकांत एका कोपऱ्यात हातपाय पसरून बसला, मी शेजारच्या, आणि मंजिरी नकाशा उलगडायला तिसऱ्या. बसल्यावर कुणालाच कुणी दिसेना.

"काउंट!" भिंतीपलीकडून मंजिरी. "उल्का?"

"आहे."

"श्रीकांत?"

"आहे. भुकेला आहे."

"विनय?" ती हसत म्हणाली.

टक.

दगडावर दगड. चौथ्या कोपऱ्यातून.

"श्रीकांत, डोन्ट."

"मी? माझे दोन्ही हात चिवड्यात आहेत."

 मग मंजिरीने पुन्हा विचारलं, या वेळी हळू, जसं घरात कुणी आहे का ते उंबऱ्यावरून विचारतात तसं.

"विनय?"

टक.

मी उठले. दगड गार झाला की आकसतो, आकसला की वाजतो. किंवा मेंढी. मी भिंतीला वळसा घालून चौथ्या कोपऱ्यात गेले.

कुणी नव्हतं. फळी भुरभुरीने ओलीचिंब झाली होती. फक्त एका ठिकाणी कोरडी होती. आत्ता उठून आले त्या माझ्या जागेवरही तसाच कोरडा डाग असणार, हे मला कळत होतं. पण हा डाग अरुंद होता. एका माणसाएवढा नव्हता. मी बघत असताना त्याच्यावर थेंब पडायला लागले आणि तो बुजत गेला.

मंजिरी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने तो पाहिला की नाही, मी कधी विचारलं नाही.

"उल्का," ती म्हणाली, "विनय तुझ्या बॅगमध्ये आहे ना?"

मी रकसॅक उघडली. टॉवेल, हातोडी, आणि विनय. अर्धा.

५

"दुसरा हाफ कुठे आहे?"

"टार्नवर. खडकावर राहिला."

"आपण परत जातोय."

मी भडकले. धुकं वाढतंय, पुढे अजून अख्खी धार बाकी आहे, आणि तू दगडाच्या तुकड्यासाठी मागे फिरणार? लीडर असं करतो? तुझी आई हेच ऐकून म्हणेल का की जा कोर्सला?

"आई म्हणाली, जितके नेशील तितके." तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज हलत नव्हता. "मी सकाळी चार मोजले. मी स्वतः. जोक होता, पण मोजले ना? आता साडेतीन घेऊन खाली गेले तर मी कसली लीडर?"

"वॉर्डातून आम्हीसुद्धा अर्धा पेशंट सोडून जात नाही," श्रीकांत म्हणाला. तो विनोद करत होता, पण बोलताना माझ्या खांद्यामागे बघत होता. मला मागे वळायचं नव्हतं.

माझ्याकडे उत्तरं भरपूर होती. एकही चुकीचं नव्हतं. पण त्या घसटीचा आवाज माझ्या कानातून जात नव्हता. कुणीतरी अर्धं होऊन, एका पायावर, आमच्या मागोमाग हा चढ चढून आलं होतं. तक्रार न करता. आणि त्याला फोडलं होतं मी. गावोगाव मी हेच ओरडत फिरत होते ना, की कुणाला वाळीत टाकायचं नाही, कुणालाही मागे सोडायचं नाही? तिथे दगड वगळून, असं कुठे म्हटलं होतं?

"चला," मी म्हटलं.

वाट ठळक होती, होकायंत्र मंजिरीच्या हातात होतं. उतरताना माझ्यामागे काहीच वाजत नव्हतं. हे बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. टार्न जवळ आला असणार, पण पाणी दिसेना, आमचा खडक तर नाहीच. आम्ही उभे राहिलो.

"विनय?" मंजिरीने हाक मारली.

टक. डावीकडून.

आम्ही डावीकडे गेलो. तो तिथेच पडला होता, फुटलेली बाजू वर करून. तिच्या किंचित खोलगट भागात पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्याखाली तो जुना पाऊस, वाटाण्यांसारखा. मी पाणी ओतून दिलं आणि दोन्ही तुकडे जुळवले. चपखल बसले. पण धरून किती वेळ ठेवणार?

श्रीकांतने रकसॅकमधून क्रेप बँडेज काढलं. "सिंपल फ्रॅक्चर," तो म्हणाला आणि खडकावर मांडी घालून, अगदी मन लावून, त्याने विनयला बँडेज बांधलं.

"टाइट नको," मंजिरी म्हणाली. "त्याला चालायचं आहे."

आणि मग आम्हाला जे हसू फुटलं, ते थांबेना. धुक्यात, चिंब, थरथरत, तिघंही पोट धरून हसत होतो. आपण कशाला हसतोय हे तिघांनाही नीट कळत होतं आणि तिघंही ते बोलत नव्हतो.

६

मंजिरीने धारेवरून जायचा बेत रद्द केला. घळीतून थेट खाली जायचं. "लीडरने प्लॅन बदलला तर त्यात शेम नाही," ती म्हणाली, आणि मला वाटलं, हिला कोर्सची गरजच काय?

ढगाच्या खालून बाहेर पडलो तर दरीत ऊन होतं! अख्खी दरी सोन्यासारखी, ओढे लखलखत, आणि आमच्या डोक्यावर मात्र राखाडी छप्पर. श्रीकांत धावत सुटला. तो, जो बससाठीही धावत नाही. मंजिरी त्याच्यामागे. मीही पळाले.

माझ्यामागे दोन पावलं वाजत होती. डावं, उजवं, डावं, उजवं. उजवं किंचित जपून. मी वेग वाढवला, त्यांनी वाढवला. माझ्या अंगावर काटा होता आणि मी हसत होते. या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

७

"किती गेला होतात?" फोनवर काकू.

"चार."

"आणि आलात किती?"

मंजिरीने श्रीकांतकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हॉस्टेलच्या पायरीबाहेर मी ठेवलेल्या रकसॅककडे.

"चार, आई. एकाला थोडी फ्रॅक्चर आहे."

पलीकडून जी किंकाळी आली ती वॉर्डनलाही ऐकू गेली. श्रीकांतने रिसीव्हर ओढून घेतला. "काकू, दगडाला! हो, दगडालाच. नाही हो, आम्ही ठणठणीत. मी स्वतः बांधलंय बँडेज. हो, दुपारी जेवलो. तुमचा चिवडा संपला." मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला आणि हसत हसत त्याने रिसीव्हर मंजिरीला दिला. "तुझ्याशी बोलायचंय."

मंजिरीने ऐकलं. तिचा हात तोंडावर गेला. "रिअली? सप्टेंबरला? आई, रिअली?" आणि ती तिथेच, पॅसेजमध्ये, ओल्या मोज्यांनी उड्या मारायला लागली.

त्या गडबडीतही काकूंचं शेवटचं वाक्य मला ऐकू आलं. "आणि तो दगड आत आणू नका गं. जिथला तिथे टाका."

ते काम माझं होतं. जून महिना, जेवणाची वेळ झाली तरी बाहेर लख्ख उजेड. मी विनयला घेऊन फाटकाबाहेर ओढ्यापाशी गेले. बँडेज सोडणार होते, सोडलं नाही. पाण्यात, उचलला होता तिथेच, त्याला ठेवलं. काहीतरी बोलावंसं वाटलं. मी नास्तिक मुलगी, दगडाशी काय बोलणार? "बरं वाटेल," एवढंच म्हटलं.

परत निघाले. फाटकातून आत आले आणि, का कोण जाणे, ते लावलं नाही. तसंच सताड उघडं सोडून चालू लागले. वारा अजिबात नव्हता. डायनिंग हॉलमधून मंजिरीचा आवाज येत होता, ती कुणातरी अनोळखी माणसांना सगळी गोष्ट सांगत होती आणि ती माणसं हसत होती. वर पाकोळ्या भिरभिरत होत्या.

मागे फाटकाची कडी पडली. खट्.

शेवटच्याने लावलं होतं.

मग खडीवर पावलं. डावं, उजवं. घाई नव्हती त्यांना.

मी वळून पाहिलं नाही. काकूंचं बजावणं आठवत होतं, आणि ते का बजावतात हे त्यांनाही ठाऊक नसणार. डोंगरावर नेलं आम्ही, मोजलं आम्ही, फोडलं मी, बांधलं आम्ही. आणि आता दारातूनच परत जा म्हणायचं? पंचेचाळीस कोटी वर्षं बाहेरच राहिलेल्याला?

 पायऱ्या चढून मी हॉस्टेलचं दार उघडलं आणि आत पाऊल टाकलं. आतून गरम सुपाचा वास आला. "उल्का, ये ना लवकर!" मंजिरी ओरडली. "सगळे आलेत!"

"आलो," मी म्हटलं, आणि दार हातात धरून जरा थांबले.